सिग्नल नसलेल्या चौकात आधी कोणी जायचं?

नवं लायसन्स, दादर पारसी कॉलनीतले चौक, चारही बाजूंनी गाड्या आणि जो तो हॉर्न मारत घुसतोय, मग थांबायचं कोणी, असं तुम्ही विचारलंय. मी माझ्या मुलीला याच रस्त्यांवर गाडी शिकवली, तेव्हा तिचाही पहिला प्रश्न हाच होता.

गल्लीतून मुख्य रस्त्यावर येत असाल तर थांबायचं तुम्ही. मुख्य रस्त्यावरच्यांना आधी जाऊ द्या. लाल काठाचा उलटा त्रिकोण दिसला तरी तेच. दोन्ही रस्ते सारखे असतील, तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची.

उजवीकडूनच का, हे एकदा कागदावर काढून बघा. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे उजवीकडची गाडी चौकाच्या आपल्या जवळच्या अर्ध्या भागातून जाते. डावीकडची पलीकडच्या अर्ध्यातून. म्हणजे चौकात शिरताच आधी गाठ पडते ती उजवीकडच्याशी. सर्कलमध्येही आत फिरणाऱ्या गाड्या उजवीकडूनच येतात, म्हणून त्यांना आधी जाऊ द्यायचं. हे मुलीला पटलं आणि मग पाठ करायची गरजच उरली नाही.

आणखी एक. नियम ‘वाट द्या’ म्हणतो, ‘वाट घ्या’ म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका चौकात मी उजवीकडून येत होतो, नियम माझ्या बाजूने होता, म्हणून वेग कमी केला नाही. कोपऱ्यापर्यंत गाड्या पार्क केलेल्या. त्यांच्या आडून एक स्कूटर आली. मुलगा पडला, त्याचा गुडघा फुटला. त्याची चूक होतीच, पण चौकाआधी वेग कमी करणं हाही नियमच आहे आणि तो मी मोडला होता. ते अजून मनातून जात नाही.

वळताना रस्ता ओलांडणाऱ्या माणसांना आधी जाऊ द्या. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमन दलाच्या गाडीला तर कुठल्याही परिस्थितीत वाट द्यायची. अडवलीत तर २०१९च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आणि समोरच्याने डिपर मारला, म्हणजे हेडलाइट क्षणभर चमकवला, तर ‘तुम्ही जा’ असं समजू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मी येतोय, थांबा’ असा असतो. त्याने हात दाखवला आणि गाडी खरंच थांबली, तरच क्लच सोडा.