खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर सूक्ष्म चपट्या कृमींची विविधता खरोखर मोठी असते का, आणि असल्यास ती दिसत का नाही?

होय, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर या कृमींची विविधता वरवर वाटते त्याहून पुष्कळ मोठी असते. ती नजरेतून सुटते, कारण त्यांतील अनेक जाती जेमतेम एक-दोन मिलिमीटर लांबीच्या असून शैवालाच्या झुबक्यांत, खडकांच्या फटींत आणि डबक्यांतील वाळूच्या कणांमध्ये चिकटून राहतात. त्यामुळे अभ्यासक शैवाल किंवा वाळू मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात काही मिनिटे ठेवतात, म्हणजे गुंगी आलेल्या कृमींची पकड सुटते आणि ते बारीक चाळणीवर गोळा करता येतात. ओळख मात्र शक्यतो जिवंत कृमीवरूनच पटवावी, कारण परिरक्षक द्रवात शरीर आक्रसून नुसता गोळा उरतो. काचपट्टीवर हलकेच दाबलेल्या जिवंत कृमीत नर जननेंद्रियाची कठीण, सुईसारखी नळी सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसते (हे प्राणी बहुधा उभयलिंगी असतात), आणि कित्येक गटांत जातींमधला फरक तिच्या आकारावरूनच ठरतो. जुन्या याद्यांतील आकडे मात्र जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण त्यांत चपट्या कृमींबरोबर मोजलेला असील (Acoela) हा आतड्याची पोकळी नसलेल्या सूक्ष्म कृमींचा गट आता वेगळा मानला जातो.