जेलमधल्या गर्दीने रक्त खराब होतं का, प्रतिकारशक्ती कमी होते का?

दादा, तुम्ही लिहिलंय की तुम्ही धडगावकडचे, लहान भाऊ खान्देशातल्या एका जेलमधे कच्चा कैदी आहे, बराकीत दुप्पट माणसं आहेत, मुलाखतीला गेलं की त्याचे डोळे पिवळट दिसतात, हाडं ठणकतात म्हणतो आणि खोकलाही जात नाही. मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्याच्या लॅबमधे रक्त तपासायचं काम केलं, बंदोबस्तात आणलेले कैदीही यायचे, "आंगमा ताकद नही" एवढंच सांगायचे, त्यामुळे जे माहितीये ते सगळं लिहितो.

नुसत्या गर्दीने रक्त नासत नाही, पण गर्दीमुळे जे जे होतं त्याने रक्तावर परिणाम होतोच. नीट झोप नाही, सतत ताण, असं महिनोन्‌महिने चाललं की अंगातलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणात सुटणारं संप्रेरक, चढं राहतं आणि लिम्फोसाइट म्हणजे टीबीसारख्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी पडायला लागतात. ऊन मिळत नाही म्हणून डी जीवनसत्त्व घटतं, आणि टीबीचा जंतू गिळलेल्या पेशीला तो मारायला नेमकं तेच लागतं. त्यात बराकीत एकाला टीबी असला की बंद हवेत बाकीच्यांना धोका आलाच. आणि असं जुनाट दुखणं अंगात असलं की यकृत हेपसिडिन नावाचं द्रव्य जास्त सोडतं, त्याने लोह साठ्यातच अडकून पडतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि मग लोहाच्या गोळ्या देऊनही फारसं वाढत नाही.

पण तुमच्या भावाचं ऐकून मला आधी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, शंका येते. नंदुरबारच्या भिल्ल-पावरा वस्तीत तो बऱ्याच घरांत आहे. डोळे पिवळे, हाडं ठणकणं, हे त्यात बसतं (कावीळही असू शकते, म्हणून लिव्हरची तपासणी पण करायला सांगा). सिकलसेलवाल्याला पाणी कमी पडलं, ताप आला, अंगाला गारठा लागला की लाल पेशी वाकड्या होऊन बारीक नसांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो, आता आपल्याकडचा मे महिना, पत्र्यासारखी तापलेली बराक आणि पाण्याला रांग, विचार करा. शिवाय या आजारात प्लीहा (पोटात डावीकडे असते, जंतूंशी लढायला मदत करते) निकामी होत जाते, म्हणून जंतुसंसर्ग लवकर होतो आणि जोरात होतो. त्याची पहिली टेस्ट अगदी साधी असते, नळीतल्या द्रावणात थोडं रक्त टाकायचं, मागे छापलेल्या काळ्या रेघा धरायच्या, पाणी गढूळ होऊन त्या दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह. पण तेवढ्याने आजार आहे की नुसता वाहक ते कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते, ती मागाच. घरात कोणाचं सिकलसेलचं कार्ड असेल तर झेरॉक्स सोबत न्या. तपासणीआधीच कोणी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या तर विचारा का देताय म्हणून, कारण या आजारात लोहाची कमतरता असेलच असं नाही.

आता करायचं काय, तर जेल अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या, तोंडी सांगू नका, पोच घ्या. त्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सिकलसेल, थुंकीची सीबीनॅट (टीबीची तपासणी), एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे असं नाव घेऊन लिहा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ते ठळक लिहा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, १५१०० हा त्यांचा फोन फुकट आहे. आजारी कैद्याला जामीन देताना कोर्ट आजार विचारात घेऊ शकतं, म्हणून रिपोर्टच्या प्रती वकिलाला द्याच. आणि भाऊ पहिल्यांदाच अडकला असेल, दुसरी केस नसेल, कलम फाशी-जन्मठेपेचं नसेल तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सोडायची तरतूद आहे, आणि तो अर्ज कोर्टात करायची जबाबदारी अधीक्षकांची आहे, हे लोकांना माहीतच नसतं.

२०२२ अखेर देशातल्या जेलमधे जागा ४ लाख ३६ हजारांची होती आणि माणसं ५ लाख ७३ हजार, त्यातले शंभरात पंच्याहत्तर कच्चे. गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही अशा पोराने टीबी घेऊन बाहेर यावं, हे मला कधीच पटलं नाही.

रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, मी वाचून सांगतो.