'जरी'चं इंग्रजी, 'तरी'चं काय?

प्रश्न : मी बारावीत आहे. 'ऑलदो ही इज रिच, बट ही इज नॉट हॅपी' या वाक्यातला 'बट' तपासताना खोडला गेला. मराठीत 'जरी' आणि 'तरी' दोन्ही येतात, मग इंग्रजीत एकच का? 'बट'च्या जागी 'येट' चालेल का?

उत्तर : खोडलं ते बरोबरच, पण तुमची चूक कुठून आली हे समजून घ्या, म्हणजे ती पुन्हा होणार नाही. 'जरी तो श्रीमंत असला तरी सुखी नाही' या वाक्यातून 'जरी' काढा. 'तो श्रीमंत असला तरी सुखी नाही' असं उरतं आणि काही बिघडत नाही. आता 'जरी' ठेवून 'तरी' काढून बघा, वाक्य लंगडं पडतं. मराठीत सगळा भार 'तरी'वर असतो. म्हणून इंग्रजी लिहिताना 'ऑलदो' लिहूनही आपल्याला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं आणि हात आपोआप 'बट'कडे जातो.

इंग्रजीत हा भार एकटा 'ऑलदो' किंवा 'दो' उचलतो. तो ज्या वाक्याला लागतो ते गौण होतं आणि उरलेलं मुख्य ठरतं. 'बट'चं काम वेगळं : तो सारख्या दर्जाची दोन वाक्यं जोडतो. आपल्या व्याकरणातही 'पण' प्रधानत्वसूचक आणि 'जरी-तरी' गौणत्वसूचक, असा हाच फरक शिकवतात. त्यामुळे 'ऑलदो' ठेवा किंवा 'बट' ठेवा, दोन्ही नकोत. वाक्य तपासताना काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. अशी दोन असतील तर जोडणारा शब्द एकच हवा.

'येट'चं म्हणाल तर 'दो… येट' ही जोडी चुकीची नाही. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये ती आढळते. पण आज ती जुनाट वाटते, परीक्षेत टाळलेलीच बरी.

प्रश्न : 'ऑलदो'चं वाक्य 'इन स्पाइट ऑफ' वापरून बदलायचं असेल तर नेमकं काय करायचं? आणि 'डिस्पाइट ऑफ' बरोबर आहे का?

उत्तर : 'डिस्पाइट'ला 'ऑफ' लागत नाही. 'ऑफ' फक्त 'इन स्पाइट'नंतर. दोन्हींचा अर्थ एकच आणि दोन्हींच्या पुढे नाम किंवा 'आयएनजी'चं रूप येतं, कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य येत नाही.

'ऑलदो ही वॉज पुअर, ही वॉज ऑनेस्ट' हे वाक्य घेऊ. 'ऑलदो' आणि पहिला 'वॉज' काढा. 'पुअर'चं नाम करा, 'पॉव्हर्टी'. 'ही'चं 'हिज' करा. तयार झालं : 'इन स्पाइट ऑफ हिज पॉव्हर्टी, ही वॉज ऑनेस्ट'. नाम आठवलं नाही तर 'इन स्पाइट ऑफ बीइंग पुअर' लिहा. मराठीतल्या 'असूनही'च्या हे अगदी जवळ जातं.

मात्र याच 'असूनही'त एक खड्डा आहे. 'वडील आजारी असूनही ती आली' हे मराठीत स्वच्छ आहे, कारण 'असूनही'च्या आधी वेगळा कर्ता बसू शकतो. घाईत त्याचं 'डिस्पाइट बीइंग इल, शी केम' केलं, तर वडील राहिले बाजूला आणि तीच आजारी ठरली! नुसत्या 'बीइंग'चा कर्ता तोच असतो, जो पुढच्या मुख्य वाक्याचा. कर्ते वेगळे असतील तर 'डिस्पाइट हर फादर्स इलनेस' असंच लिहायला हवं. 'डिस्पाइट द फॅक्ट दॅट' लावून पूर्ण वाक्यही लिहिता येतं, पण ते फार लांबतं. त्यापेक्षा 'ऑलदो' बरा.

प्रश्न : 'इव्हन दो' आणि 'इव्हन इफ' यांत गोंधळ होतो.

उत्तर : 'पाऊस आला तरी आपण जाऊ' यात पाऊस येईल की नाही हे ठाऊक नाही, म्हणून 'इव्हन इफ'. 'पाऊस आला होता तरी आम्ही गेलो' यात तो खरोखर आला होता, म्हणून 'इव्हन दो'.

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये 'द रिपोर्ट, दो डिलेड, इज कम्प्लीट' असं लिहितात. हे बरोबर आहे का? 'ऑलबीइट' कुठे वापरायचा?

उत्तर : बरोबर आहे, आणि नेटकंही आहे. इथे 'दो'नंतरचे 'इट वॉज' हे दोन शब्द गाळले आहेत. असा तुकडा वाक्याच्या मधोमध आला की दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवेत. बरेच जण पहिला देतात आणि दुसरा विसरतात, मग वाचणारा 'डिलेड इज' असं सलग वाचून अडखळतो. तुकडा उचलून बाजूला ठेवा. उरलेलं 'द रिपोर्ट इज कम्प्लीट' स्वतःच्या पायावर उभं राहिलं की रचना जमली. कर्त्याचा नियम इथेही लागू : 'दो टायर्ड, द वर्क वॉज फिनिश्ड' लिहिलं तर काम थकलं असा अर्थ होतो. 'दो टायर्ड, वी फिनिश्ड द वर्क' लिहा.

'ऑलबीइट' हा 'ऑल', 'बी', 'इट' हे तीन शब्द जुळून झालेला आहे, उच्चारही तसाच करायचा. तो विशेषण, क्रियाविशेषण किंवा छोट्या पदसमूहाआधी शोभतो : 'अ स्लो, ऑलबीइट स्टेडी, इम्प्रूव्हमेंट'. त्यापुढे पूर्ण वाक्य लिहू नका, तिथे 'ऑलदो'च हवा.

मेल लिहिताना क्रमाकडेही बघा, आमच्या मते स्वल्पविरामापेक्षा हे महत्त्वाचं. 'ऑलदो शी इज न्यू, शी इज केअरफुल' वाचून वरिष्ठांच्या लक्षात 'केअरफुल' राहतं. 'ऑलदो शी इज केअरफुल, शी इज न्यू' लिहिलं तर 'न्यू'. माहिती तीच, पण दुसऱ्या वाक्यात तुमच्या सहकारी मुलीची शिफारस उलटी होते.