आरसीवरचा इंजिन नंबर आणि पुण्याहून आलेलं टोकन

कोल्हापूरच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वडिलांनी नोकरीनिमित्त पणजीत असताना २००१ साली सॅन स्टॉर्म घेतली. दोन माणसांची, टप उघडणारी, गोव्यातच तयार झालेली गाडी. २००६ मध्ये निवृत्त झाल्यावर ती कोल्हापुरात आणली, पाटी मात्र गोव्याचीच राहिली. नोंदणीची मुदत २०१६ मध्ये संपली. वडील २०१९ मध्ये गेले. मूळ आरसी सापडत नाही. गाडी सध्या उद्यमनगरातल्या एका गॅरेजमध्ये इंजिन उतरवलेल्या अवस्थेत आहे. पूर्ण कामाला मिस्त्री साडेचार लाख सांगतो. पुण्याचे एक गृहस्थ इंजिन, गिअरबॉक्स आणि आरसी मिळून एक लाख ऐंशी हजारांना मागतात आणि त्यांच्याकडून २५ हजार टोकन घेऊन झालं आहे. आई आहे. ताई अमेरिकेत असते, तिला गाडी पुन्हा उभी करायची आहे. धाकटा भाऊ विकून मोकळे व्हा म्हणतो. वाचकांनी यातून मधला मार्ग काढला आहे: इंजिन विकायचं, त्या पैशातून मारुतीचं इंजिन बसवायचं, म्हणजे पैसेही आले आणि गाडीही राहिली.

जुन्या गाड्यांची अशी पत्रं माझ्याकडे वरचेवर येतात. गाडी वेगळी असते, मधला मार्ग तोच असतो.

गाडी उभी करावी की सुटे भाग करून विकावी, हा प्रश्न तुम्ही पैशांचा आणि भावनेचा समजता आहात. तो तसा आहेच, पण त्याआधी तो एका नंबरचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ मधलं पोटकलम ५ काढून वाचा. गाडीवर कोरलेला इंजिन नंबर किंवा चासी (गाडीचा सांगाडा) नंबर आरसीतल्या नंबराशी जुळत नाही असं दिसलं, तर तुमचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणी रद्द करायची, असं ते सांगतं. तुमच्या मधल्या मार्गाने हा घाव तुम्ही स्वतःच्या हाताने घालून घेणार आहात. इंजिन पुण्याला गेलं की नोंदणीचा अर्धा आधार गेला. मग मारुतीचं इंजिन बसवून, रंग देऊन, सीटा शिवून गाडी कितीही देखणी झाली, तरी ती रस्त्यावर आणता येणार नाही अशी वस्तू होऊन बसेल. त्यावर घातलेले लाख-दोन लाख बुडाले असं समजा.

इंजिन बदलायला परवानगी मिळतेच, असं मिस्त्री सांगतात. मिळते, पण कलम ५२ खाली, काम करण्याआधी अर्ज करून, आणि त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे पुरतं स्पष्ट केलं आहे: उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तुमच्या गाडीत रेनोचं १,१४९ सीसीचं इंजिन आहे. स्टॉर्म आता बनत नाही. तसंच इंजिन, पक्क्या बिलासकट, कुठून आणणार? आणि मारुतीचं इंजिन हे 'तेच इंजिन' आहे असं कोणत्या निरीक्षकाला पटवणार?

म्हणून माझा सल्ला एका चाचणीवर येऊन थांबतो. मिस्त्रीला साडेचार लाखांचा तपशील नंतर विचारा. आधी विचारा, मूळ ब्लॉक, म्हणजे नंबर कोरलेला इंजिनाचा मुख्य ओतीव भाग, वाचतो का? बोअरिंग करून, नवे पिस्टन घालून, हेड दुरुस्त करून तेच इंजिन, तोच नंबर ठेवून चालू होणार असेल, तर गाडी उभी करण्याचा मार्ग कायद्याने जिवंत आहे आणि ताईंचा आग्रह ऐकण्यासारखा आहे. ब्लॉकलाच तडा असेल, किंवा मिस्त्री नंबराची बाजू घासून नवी करू म्हणत असेल, तर उभी करण्याचा विषय सोडा. मग सुटे भाग हाच सरळ मार्ग, आणि तोही रीतसर. उद्यमनगरासारख्या ठिकाणी तुम्ही राहता, जिथे ओतकाम आणि मशीनिंग जाणणारी माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. दोन जाणकारांना ब्लॉक दाखवायला एक दिवस पुरेल. आधी टोकन, मग विचार, असं करण्यापेक्षा हा दिवस फार स्वस्त पडला असता.

तुमच्या पत्रात 'व्हिंटेजमध्ये घालू' असंही एक वाक्य आहे. ते आजच पुसून टाका. व्हिंटेज वाहनांचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीलाच ते लागू होतात. तुमच्या गाडीची पन्नाशी २०५१ मध्ये. शिवाय चासी, बॉडी किंवा इंजिन मुळातून बदललेलं चालत नाही, म्हणजे मारुतीचं इंजिन घातलं की ते दार तुमच्या मुलांसाठीही बंद.

आता पुण्याचे गृहस्थ. त्यांच्यावर मी कसलाही आरोप करत नाही, त्यांना मी ओळखत नाही. पण त्यांनी इंजिनासोबत आरसी का मागितली, हे तुम्ही स्वतःला विचारायला हवं होतं. भागासाठी भाग घेणाऱ्याला आरसी लागत नाही. स्टॉर्म मुळातच थोड्या बनल्या. इंजिनाचा ब्लॉक आणि त्याची आरसी अशी जोडी ज्याला हवी असते, त्याच्याकडे बहुतेक वेळा कागद बिघडलेली दुसरी स्टॉर्म उभी असते. उद्या तुमच्या वडिलांच्या नंबराची पाटी लावून ती गाडी रस्त्यावर आली आणि अपघात झाला, तर नोटीस कोणाच्या घरी येईल? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकलं आहे की गाडी मधल्या मध्ये कितीही हातांतून गेली, तरी नुकसानभरपाईसाठी मालक तोच, ज्याचं नाव नोंदवहीत आहे. वडील हयात नाहीत म्हणून वारस सुटतात असं धरू नका. त्यांच्या मालमत्तेतून ज्याला जेवढं मिळालं, तेवढ्यापर्यंत त्याच्यामागे लागता येतं. आणि गाडीचा नंबर संशयास्पद ठरून ती जप्त झाली, तर ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून पडलेली गाडी पावसात कशी कुजते हे मी अशिलांच्या बाबतीत पाहिलं आहे. अशी वाहनं ठाण्यात विनाकारण अडकवून ठेवू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच बजावलं होतं. तरी आजही कुठल्याही ठाण्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा.

टोकनाबद्दल तर मला तुमच्यावर रागावायलाच हवं. गाडी तुमची एकट्याची नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, ताई, तुम्ही आणि भाऊ यांचा त्यात सारखा वाटा आहे, आजी हयात असतील तर त्यांचाही. (वडील फक्त नोकरीपुरते गोव्यात होते असं मी धरतो आहे. घराणं मूळ गोव्याचं असेल तर कळवा. तिथला नागरी कायदा वेगळा आहे, पत्नीचा अर्धा हिस्सा आधी बाजूला काढावा लागतो आणि हा सगळा हिशेब बदलतो.) तुम्ही ताईंना न विचारता त्यांच्या वाट्याच्या वस्तूचं टोकन घेतलंत. यातला खरा धोका माल विक्री कायदा, १९३० च्या कलम २८ मध्ये आहे. सहमालकांच्या संमतीने वस्तू एकाच्या ताब्यात असेल आणि त्याला विकण्याचा अधिकार नाही हे घेणाऱ्याला ठाऊक नसेल, तर प्रामाणिकपणे घेणाऱ्याला पक्की मालकी मिळू शकते. म्हणजे त्या गृहस्थांनी उद्या टेम्पो पाठवला आणि मिस्त्रीने इंजिन चढवून दिलं, तर ताई इथे येऊन भांडल्या तरी इंजिन परत मिळेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

म्हणून याच आठवड्यात पुण्याच्या गृहस्थांना स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. गाडी चार वारसांच्या सामाईक मालकीची आहे, तुम्हाला एकट्याला विकण्याचा अधिकार नव्हता, इतरांची संमती नाही, टोकन परत करत आहोत, एवढंच लिहा. कारणमीमांसा नको, माफीनामा नको. २५ हजार ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत पाठवा, रोख नको. ते व्यवहार पूर्ण करून मागण्याचा दावा लावतील का? वस्तू दुर्मीळ आहे, त्यामुळे शक्यता शून्य आहे असं मी म्हणणार नाही. तुमचे मोबाइलवरचे सगळे संदेश वाचल्याशिवाय याहून पक्कं सांगता येणार नाही. एकही संदेश पुसू नका. मिस्त्रीलाही त्याच दिवशी लेखी कळवा की चौघांच्या सहीशिवाय एकही भाग हलवायचा नाही. तो जागाभाड्यासाठी गाडी अडवून ठेवू लागला तर लक्षात ठेवा, करार कायद्याच्या कलम १७० खाली त्याचा हक्क त्याने केलेल्या कामाच्या मजुरीपुरता आहे. नुसतं उभं ठेवल्याच्या भाड्यासाठी तो हक्क सहसा चालत नाही, तसं आधी ठरलेलं नसेल तर.

यानंतर उरतं ते नाव. गाडी उभी करा किंवा मोडा, दोन्हीकडे अर्ज 'मालकाने' करायचा असतो आणि नोंदवहीतले मालक २०१९ मध्ये वारले आहेत. मृत्यूची खबर तीस दिवसांत आणि नाव बदलण्याचा अर्ज तीन महिन्यांत द्यायचा, असा नियम आहे. तुम्ही त्यावर वर्षं घालवलीत. दंड भरून हे दुरुस्त होतं, म्हणून घाबरू नका, पण आणखी एक दिवाळी जाऊ देऊ नका. पोलिसांत आरसी हरवल्याची नोंद करा. पणजीच्या वाहतूक खात्याकडून दुय्यम प्रत आणि कलम ४८ खालचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. २००६ पासून ते कोणीच केलं नाही, तेव्हा कोल्हापूरचं कार्यालय इथला कर कसा लावील याचा अंदाज मी बांधत नाही. त्यांच्याकडून लेखी आकडा घ्या. आई, ताई आणि भाऊ यांची प्रतिज्ञापत्रं लागतील. ताईंनी त्यांचं तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवावं. चौघांचं एकमत असेल तर न्यायालयाच्या वारस दाखल्याच्या मागे आपणहून लागू नका. कार्यालयाने लेखी मागितला तरच जा. साध्या, बिनविरोध अर्जालाही आपल्याकडे ज्या तारखा पडतात, त्याचं समर्थन मी वकील असूनही करू शकत नाही.

ब्लॉक वाचला तर खर्चाच्या यादीत नोंदणीचं नूतनीकरण धरा. वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनाला ऑगस्ट २०२५ पासून शुल्क १०,००० रुपये आहे. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे, आणि तुमचे शंभराहून जास्त महिने झाले आहेत. म्हणजे पन्नास हजारांच्या वर आकडा निघू शकतो. कुठल्या महिन्यापासून मोजला ते विचारून घ्या. पर्यावरण कर निराळा. एक बारीक गोष्ट: इंजिन रेनोचं बघून कोणी गाडी 'आयात' रकान्यात टाकली, तर तिथलं शुल्क ८०,००० आहे. गाडी गोव्यात बनलेली आहे, हे आरसीवरून दाखवा. तपासणीला नेताना ती टेम्पोवर चढवून न्या. नोंदणी संपलेली गाडी चालवत नेणं हा वेगळा गुन्हा आहे.

ब्लॉक गेला असेल तर कलम ५५ चंच पोटकलम १ लागतं: गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत कळवायचं आणि आरसी जमा करायची. ब्लॉक आणि नंबर असलेली चासी कोणालाही विकू नका. ती २०२१ च्या नियमांखालच्या नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या आणि प्रमाणपत्र घ्या. अर्धी मोकळी केलेली गाडी ते केंद्र घेतं का, हे आधी फोनवर विचारा, कारण काही केंद्रं खळखळ करतात. दिवे, काच, सीटा, चाकं, फायबरचं बॉनेट अशा नंबर नसलेल्या भागांना दुसरे स्टॉर्मवाले चांगले पैसे देतील. ते बिल करून, चौघांच्या संमतीने विकायला मला मोठी अडचण दिसत नाही.

उद्या सकाळी गॅरेजला जाताना पातळ कागद आणि मऊ पेन्सिल घेऊन जा. ब्लॉकवरचा नंबर कापडाने पुसा, कागद धरून छाप घ्या, चासीवरचीही घ्या, दोन्हींचे फोटो काढा. आरसीची झेरॉक्स किंवा जुनी विमा पॉलिसी घरात कुठेतरी असेलच, तिच्यावरचे नंबर शेजारी ठेवून अंक न् अंक ताडून बघा. जुळले तर त्या तिन्ही कागदांच्या प्रती मला पाठवा. जुळले नाहीत तर मिस्त्रीला काही विचारण्याआधी मला फोन करा.