सातवा बुधवार चुकला, देव रागावला का?

प्रश्न: मी दहिसरला राहते, नोकरी चर्चगेटला. वर्षभरापूर्वी सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू कमजोर झाली. दिवसा बाई असते, बाकी सगळं माझ्यावर, कारण मिस्टरांची शिफ्ट ड्युटी. सासूबाई बऱ्या व्हाव्यात म्हणून माहीमचे नऊ बुधवार बोलले होते. सातव्या बुधवारी पावसाने गाड्या बंद पडल्या, जाता आलं नाही. त्याच आठवड्यात त्या बाथरूममध्ये पडल्या. नणंद म्हणते, नोव्हेना (नऊ वेळा करायची प्रार्थना) मोडलीस म्हणून झालं. रविवारची मिस्साही (चर्चमधली उपासना) कित्येकदा चुकते. माझी चिडचिड होते, एकदा तर रागात त्यांचा हात जोरात झटकला. पाच महिने कम्युनियन (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घेतलेलं नाही आणि कन्फेशनला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) जायची लाज वाटते. रात्री प्रार्थनेला बसले की डोळा लागतो. देवाने माझ्यावरून हात काढून घेतला का?
– एक वाचक, दहिसर

ताई,

नाही, काढून घेतलेला नाही. पण एवढ्या उत्तराने तुमचं समाधान होणार नाही, कारण गेले पाच महिने ज्या नियमांवर बोट ठेवून तुम्ही स्वतःला शिक्षा करताय, त्यातले निम्मे नियम चर्चने कधी केलेलेच नाहीत. तेव्हा आधी ते बघू.

बुधवारपासून सुरुवात करते. नऊ हा आकडा आला तो येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा येईपर्यंत प्रेषित आणि मरियामाता एकत्र प्रार्थना करत थांबले त्या दिवसांवरून. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारची नोव्हेना सुरू झाली 8 सप्टेंबर 1948 ला. ही भक्ती आहे, कुणावर बंधनकारक नाही. एक बुधवार हुकला तर पहिल्यापासून मोजायचं, असा चर्चचा कुठलाही नियम नाही. आणि हुकला म्हणून घरात कुणाला इजा होते, ही तर निव्वळ अंधश्रद्धा. ‘नऊ जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल’ असले मेसेज मोबाईलवर येतात ना, नणंदबाईंचं वाक्य त्याच घराण्यातलं.

तरीही ‘बोलले होते’ हे तुमच्या मनाला टोचत राहील. नुसतं ‘नऊ बुधवार करीन’ असं मनात ठरवणं म्हणजे संकल्प. देवाला समजून-उमजून वचन दिलं असेल तरच तो नवस. आणि नवस असला, तरी 1983 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, त्यातून वाट ठेवलेली आहे. स्वतःहून केलेला नवस त्याच तोलाच्या किंवा त्याहून मोठ्या सत्कृत्यात बदलायचा अधिकार नवस करणाऱ्याला स्वतःलाच असतो, आणि तुमच्या पॅरिशचे, म्हणजे तुमच्या भागातल्या चर्चचे, फादर त्यातून मोकळीकही देऊ शकतात. आजारी माणसाला रोज उठवणं-बसवणं, भरवणं हे एका बुधवारच्या तोलाचं नाही, असं कोण म्हणेल? मनाला अगदीच पटेना तर फादरना विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

राहिलं सासूबाईंचं पडणं. त्याचं कारण कॅलेंडरात शोधू नका, बाथरूममध्ये शोधा. अर्धांगानंतर कमजोर पाय उचलला जात नाही, तोल एका बाजूला जातो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एकदम उठल्यावर चक्करही येते. उठण्याआधी त्यांना पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसवा. फरशी कोरडी ठेवा, खाली रबरी मॅट घाला, कमोडजवळ त्यांच्या चांगल्या हाताच्या, म्हणजे डाव्या बाजूला पकडायला भिंतीत दांडा बसवून घ्या, रात्री दिवा चालू ठेवा. चक्कर येत असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, शिष्य जन्मांध माणसाबद्दल हेच विचारतात की पाप याचं की आईबापांचं? येशू म्हणतो, दोघांचंही नाही. नणंदबाईंना ऐकवायचाच असेल तर हा उतारा ऐकवा, तोही शांतपणे.

आता रविवार. मिस्सा चुकवणं गंभीर आहे, पण कारण नसताना. आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल अशी खरीखुरी अडचण असली तर बंधन उरत नाही, हे कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणात स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि आजाऱ्याजवळ दुसरं कुणी नसणं ही तशीच अडचण. शनिवार संध्याकाळची मिस्साही रविवारची धरली जाते. बरेच जण ही सोय विसरतात. तेही जमलं नाही तर घरी रविवारची वाचनं वाचा, थोडी प्रार्थना करा. फक्त एक लक्षात असू द्या. कंटाळा आला म्हणून राहिलेला रविवार आणि सासूबाईंमुळे राहिलेला रविवार यांचा हिशेब वेगळा आहे, आणि कुठला कुठला ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. दुसऱ्या प्रकारचे रविवार कन्फेशनमध्ये सांगायचीसुद्धा गरज नाही.

कम्युनियन थांबवावं लागतं ते मरणप्राय पापामुळे, आणि ते पाप व्हायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि तरीही जाणूनबुजून केलेली हवी. थकव्याने होणारी चिडचिड यात बसत नाही. प्रार्थनेत झोप लागणं तर पापच नाही. चिडचिडीसारखी लहानसहान पापं कम्युनियननेच धुतली जातात, म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही दूर राहिलात त्याचं औषध तिथेच होतं!

हात झटकल्याची गोष्ट मात्र मी हलकी करणार नाही. ते कन्फेशनमध्ये सांगा, आणि त्याआधी सासूबाईंची माफी मागा, त्यांचं बोलणं अडखळत असलं तरी. असं पुन्हा घडलं किंवा घडेलसं वाटलं, तर ती खूण आहे की एका माणसाने पेलायचं काम हे राहिलेलं नाही. त्या क्षणी त्यांना सुरक्षित बसवा, खोलीबाहेर या, घोटभर पाणी प्या आणि मगच परत जा.

कन्फेशनची लाज वाटते म्हणता, तर ते कसं उरकायचं तेही सांगते. बहुतेक पॅरिशमध्ये शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेआधी फादर बसतात. वेळ ऑफिसला फोन करून विचारून घ्या. ओळखीचे फादर नको असतील तर दुसऱ्या पॅरिशला जा, चालतं. क्रॉसची खूण करा, शेवटचं कन्फेशन किती महिन्यांपूर्वी झालं ते सांगा, मग पापं सांगा: काय केलं आणि साधारण किती वेळा. हकीकत सांगत बसू नका. नणंदेची पापं तिची तिला सांगू द्या. फादर प्रायश्चित्त देतील, तुम्ही पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची, ते पापक्षमा देतील. पाठ विसरलात तर तसं सांगा, ते म्हणवून घेतात. सगळं पाच मिनिटांत होतं. ऐकलेलं त्यांना कुणालाही, कधीही सांगता येत नाही. गुपित थेट फोडणारा धर्मगुरू आपोआप चर्चमधून बहिष्कृत होतो.

इथे एक धोका आहे. तुमचं पत्र वाचून वाटतं, की बाहेर आल्यावर ‘हे सांगायचं राहिलं, ते नीट सांगितलं नाही’ असं मन कुरतडायला लागेल आणि पुढच्या शनिवारी तीच पापं घेऊन तुम्ही परत रांगेत उभ्या राहाल. तसं करू नका. एकच फादर धरा आणि ते ‘झालं, पुन्हा सांगू नका’ म्हणाले की ऐका. हा सल्ला संत आल्फोन्स लिगोरी यांच्या परंपरेतला आहे. त्यांना स्वतःला अशा शंकांनी छळलं होतं. 1732 मध्ये त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट हा धर्मगुरूंचा संघ काढला आणि माहीमला तुम्ही जिच्यापुढे उभ्या राहता त्या निरंतर साहाय्य मातेचं, म्हणजे मरियामातेचं, मूळ चित्र 1866 पासून रोममध्ये याच संघाच्या चर्चमध्ये आहे.

तुमच्या पत्राच्या मुळाशी एक समजूत आहे, की कृपा हा पगार आहे आणि खाडे झाले की कापला जातो. मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात, द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. आपल्याकडे सकाळी नाक्यावर मजूर उभे असतात, तसेच तिथेही होते. कुणाला पहाटे काम मिळालं, कुणाला दुपारी, काहींना संध्याकाळी पाचला, कारण तोवर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मालकाने सगळ्यांना पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पहाटेचे कुरकुरले, तेव्हा मालक म्हणाला की माझं मी कुणाला किती द्यावं हा माझा प्रश्न. पौल इफिसकरांना लिहितो तेही हेच, तारण कृपेने मिळतं, ते देवाचं दान आहे, कर्माची कमाई नव्हे. प्रार्थना, मिस्सा, नोव्हेना हे सगळं ते दान घ्यायला हात पुढे करणं आहे. तुम्ही ते विकत घ्यायला निघालात, म्हणून सातव्या हप्त्याला दम लागला.

प्रार्थनेची वेळ बदला. रात्री अकराला दमलेलं शरीर झोपणारच. दहिसर ते चर्चगेट पाऊण-एक तासाच्या वर मिळतो. रोझरीची, म्हणजे जपमाळेची, पाच दशकं पंधरा-वीस मिनिटांत होतात. लेडीज डब्यात उभं राहून माळ सांभाळत बसू नका, दहा बोटं आहेतच: प्रत्येक बोटाला एक ‘नमो मरिया’, आधी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’, शेवटी ‘त्रैक्याला गौरव’. दोनच दशकं झाली तर दोनच. शब्द सुचत नसतील तेव्हा बायबलमधलं तेरावं स्तोत्र म्हणा. सहाच ओव्या आहेत आणि त्यातला पहिला भाग चक्क देवाविरुद्ध तक्रार आहे, ‘आणखी किती दिवस’ अशी. तेही जमेना तर नुसता उसासा टाका. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे पवित्र आत्मा त्यातूनही प्रार्थना करतो.

सासूबाईंसाठी पॅरिश ऑफिसला सांगून घरी कम्युनियन मागवा. टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, पाण्याचा ग्लास एवढं पुरे. त्यांना गिळायला त्रास होत असेल तर येणाऱ्यांना आधीच सांगा: होस्टचा, म्हणजे कम्युनियनच्या भाकरीचा, अगदी छोटा तुकडाही चालतो आणि तोही गिळता येत नसेल तर गरजेपुरतं पवित्र द्राक्षारसाचा थेंब देता येतो. पाणी किती पातळ चालेल ते डॉक्टरांना विचारा, पक्षाघातात साध्या पाण्याचाही ठसका लागतो. कम्युनियनआधी एक तासाचा उपास आजाऱ्यांना लागू नाही आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही, त्यामुळे तुम्हीही तिथेच घ्या. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कारही फादरना विचारा. तो फक्त शेवटच्या घटकेसाठी असतो ही समजूत चुकीची आहे, आणि प्रकृती पुन्हा ढासळली तर पुन्हाही देता येतो.

नणंदबाईंशी भांडू नका, पाळी लावा. ‘मला दर शनिवारी संध्याकाळी दोन तास मिस्सेला जायचंय, तेवढा वेळ आईजवळ थांबाल का?’ असं सरळ विचारा, शक्यतो मिस्टरांसमोर. हो म्हणाल्या तर गोळ्यांच्या वेळा, बाथरूमला नेताना कुठल्या बाजूने धरायचं आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजला लावून ठेवा.