वजन पडद्याबाहेर का पळतं?

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आर्डुइनो उनो (छोटा प्रोग्रामेबल बोर्ड) आणि १२८ × ६४ ठिपक्यांच्या छोट्या ओलेड पडद्यावर स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं सिम्युलेशन केलं आहे. वस्तुमान ०.२ किलो, स्प्रिंगचा स्थिरांक ५ न्यूटन प्रति मीटर, गणिताचा दर टप्पा ०.०२ सेकंदांचा. घर्षण धरलेलंच नाही, तरी आंदोलन वाढत वाढत वजन पडद्याबाहेर जातं. शिवाय आलेखासाठी २०० फ्लोटचा (दशांश संख्यांचा) ॲरे, म्हणजे यादी, घातल्यापासून पडदाच उजळत नाही. मोठा बोर्ड घ्यावा का?

— एक विज्ञानशिक्षिका

उत्तर : बोर्ड बदलू नका, महागड्या बोर्डावरही वजन असंच पळेल. तुमच्या स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये) बहुधा जुन्या वेगाने स्थान बदलतं आणि जुन्या स्थानावरच्या त्वरणाने वेग. ही ऑयलरची साधी पद्धत. तिच्यात दर टप्प्याला थोडी ऊर्जा फुकटची वाढते. तुमच्या आकड्यांनुसार एक आंदोलन १.२६ सेकंदांचं, म्हणजे ६३ टप्प्यांचं. तेवढ्यात आयाम (मधल्या जागेपासूनचा झोका) ३७ टक्क्यांनी फुगतो! टप्पा निम्मा केलात तरी एका आंदोलनामागे १७ टक्के वाढ उरतेच.

आधी त्वरण काढा, त्याने वेग बदला आणि स्थान बदलताना हा नवा वेग वापरा. एवढ्याने काम होतं. नंतर एकूण ऊर्जा छापून पाहिलीत तर ती पाचएक टक्के वरखाली होईल. ती साठत जात नाही, तेव्हा त्यात चूक शोधत बसू नका.

घड्याळाकडेही बघा. पूर्ण पडद्याचे १,०२४ बाइट आय-टू-सीवरून (बोर्ड आणि पडदा जोडणाऱ्या दोन तारांवरून) ४०० किलोहर्ट्‌झने पाठवायलाच २३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे तुमच्या टप्प्याहून जास्त. म्हणून 'डिले' (थांबायला लावणारी आज्ञा) काढा. 'मिलिस' (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) वाचून 'मागची वेळ' या चलापासून जितके २० मिलिसेकंद उलटले असतील तितके टप्पे चालवा आणि चित्र एकदाच काढा. 'मागची वेळ' दर टप्प्याला २० ने वाढवा. तिथे 'आत्ताची वेळ' लिहिलीत तर उरलेले मिलिसेकंद गळतात आणि आंदोलन स्टॉपवॉचच्या मागे पडतं.

पडदा न उजळण्याचं कारण रॅम, म्हणजे प्रोग्रामची कामापुरती स्मृती. उनोत ती २,०४८ बाइट. ॲरेने ८०० घेतले, पडद्याच्या बफरला (चित्र साठवायच्या जागेला) १,०२४ हवेत. बाकीच्या चलांना आणि लायब्ऱ्यांनाही जागा लागते, त्यामुळे बफरला ती पुरत नाही. ॲडाफ्रूटची लायब्ररी (पडदा चालवणारा तयार कोड) हा बफर 'बिगिन'च्या, म्हणजे पडदा सुरू करायच्या, वेळी मागते, म्हणून कंपाइल करताना दिसणाऱ्या आकड्यात तो धरलेलाच नसतो आणि सगळं आलबेल वाटतं. आलेखाला फ्लोट कशाला? पडद्यावर उभे ६४ ठिपके, आडवे १२८. प्रत्येक स्तंभाची उंची एका बाइटमध्ये ठेवा, १२८ बाइटांत भागेल. 'बिगिन'ने 'फॉल्स' (जमलं नाही) दिलं तर सिरियल मॉनिटरवर (संगणकावरच्या संदेशांच्या खिडकीत) तसं छापायची एक ओळही घाला.