'इंडियाना जोन्स'चा चौथा भाग ब्ल्यू-रेवर घेण्यासारखा आहे का?

हो, पण दोन डिस्कचा संच घ्या. १९८९च्या तिसऱ्या भागानंतर १९ वर्षांनी, मे २००८मध्ये हा चित्रपट आला आणि ऑक्टोबरमध्ये डिस्कवर. उत्तरार्ध ढेपाळतो, जंगलातला पाठलाग संगणकी वाटतो, हे खरंच. पण गाडीवर पडलेल्या सावलीत इंडी टोपी चढवतो तेवढ्यानेच अंगावर काटा येतो! आणि कॅरन ॲलन पुन्हा पहिल्या भागातली नायिका मॅरियन झालीय, तिचं हसू बघा.

या संचातले पडद्यामागचे माहितीपट अजिबात चुकवू नका. दिग्दर्शक स्पिलबर्ग कॉमेंटरी ट्रॅक (चित्रपट चालू असताना ऐकू येणारं निवेदन) करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या तोंडून ऐकायचं तर तिथेच. आधीच्या तिन्ही भागांचे छायाचित्रकार डग्लस स्लोकोम्ब, इथे यानुश कामिन्स्की. दिव्यांभोवतीचा तो धुरकट उजेड त्यांचाच.